फसवणुकीत दोषी ठरलेल्या मंत्र्याने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पदावर राहावे काय?

मूळ मांडणी

नाशिकच्या न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२५ रोजी तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांना फसवणुकीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण १९९५ चे होते : मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातील सदनिका उत्पन्नाची खोटी माहिती देऊन मिळवल्याचे. मार्चमध्ये सत्र न्यायालयाने स्थगिती दिली आणि ते मंत्रिमंडळात राहिले; डिसेंबरमध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा कायम केल्यावर त्यांचे मंत्रिपद गेले, परंतु पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यामुळे आमदारकी टिकली. यात कायद्याबाहेर काहीही घडलेले नाही आणि मला खुपते ते नेमके हेच. सरकारी कर्मचारी फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरला, तर संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार त्याला खातेनिहाय चौकशीशिवायही बडतर्फ करता येते. ज्या मंत्र्याच्या सहीने त्या कर्मचाऱ्याच्या खात्याचा कारभार चालतो, त्याला मात्र अपिलाचा आडोसा मिळतो. फसवणुकीत दोषी ठरलेल्या व्यक्तीने पहिल्या निकालाच्या दिवशीच मंत्रिपद सोडावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

आपली तळमळ मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. पहिला निकाल म्हणजे अखेरचा निकाल नव्हे. उत्तर प्रदेशातील समाजवादी पक्षाचे नेते आझम खान यांचे उदाहरण पाहावे. द्वेषमूलक भाषणाच्या खटल्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली, डिसेंबरमध्ये रामपूरची पोटनिवडणूक उरकली, आणि मे २०२३ मध्ये त्याच खटल्यात वरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तोवर त्या जागेवर दुसरा आमदार बसला होता. हा खटला फसवणुकीचा नव्हता हे खरे, पण घाईमुळे होणारे नुकसान गुन्ह्याचे कलम पाहून कमी-जास्त होत नाही.

प्रतिसाद २

प्रतिसाद १ मध्ये घाईची भीती व्यक्त झाली आहे. आपल्याकडचा अनुभव दिरंगाईचा आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील सुमारे दीडशे कोटींच्या रोखे घोटाळ्याचा गुन्हा २००२ मध्ये नोंदला गेला आणि बँकेचे तत्कालीन अध्यक्ष, काँग्रेसचे नेते सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली ती २२ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या दोन दशकांत ते आमदार होते आणि मंत्रीही झाले. ज्या शेतकऱ्याच्या ठेवी त्या बँकेत होत्या, त्याची एक पिढी या खटल्यात सरली. खालच्या न्यायालयातच इतकी वर्षे जात असतील, तर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबा असे म्हणणे म्हणजे माणसाची राजकीय कारकीर्द संपेपर्यंत थांबा असे म्हणणे होय. मी स्वतः सरकारी नोकरीत होतो. प्रवासभत्त्याच्या खोट्या देयकाच्या खटल्यात आमच्या एका सहकाऱ्याला शिक्षा झाली आणि अपील प्रलंबित असतानाच त्याची नोकरी गेली. तेव्हा त्याच्या बाजूने ‘अंतिम निकाल’ हा शब्द कोणीही उच्चारला नव्हता.

प्रतिसाद ३

सहकाऱ्यावर अन्याय झाला असेल तर तो दूर करावा. तोच अन्याय दुसऱ्यावर करणे हा उपाय नव्हे. शिवाय कर्मचाऱ्याला शासन नेमते, आमदाराला लाखो मतदार निवडून देतात. त्यांचा कौल एका न्यायाधीशाच्या निकालाने, तोही अपील करण्याची संधी मिळण्याआधी, रद्द व्हावा काय? २०१३ पूर्वी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(४) मध्ये, शिक्षेमुळे खासदारकी-आमदारकी जाण्याआधी अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत होती. लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाचा मान राखूनही मला वाटते की त्या सवलतीत काही शहाणपण होते.

मूळ धागाकर्ते

रामपूरचे उदाहरण मला अडचणीत टाकते, हे मान्य करतो. एकदा पोटनिवडणूक झाली की निर्दोष सुटलेल्याला जागा परत देता येत नाही. म्हणून आमदारकीच्या बाबतीत, अपील ठरावीक मुदतीत निकाली निघेपर्यंत पोटनिवडणूक थांबवावी, ही सूचना मला पटेल. कलम ८(४) बद्दल मात्र मी सहमत नाही. ती सवलत फक्त विद्यमान खासदार-आमदारांना होती, त्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या नव्या उमेदवाराला नव्हती, आणि अपील दाखल केले की तीन महिन्यांची मुदत अपिलाच्या निकालापर्यंत लांबत असे.

शिवाय मंत्रिपद आणि आमदारकी आपण एकत्र करत आहोत. मतदार आमदार निवडतात, मंत्री निवडत नाहीत. मंत्रिपद सोडल्याने कोणाचाही कौल रद्द होत नाही आणि अपील जिंकल्यास ते दुसऱ्या दिवशी परत देता येते. भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्या लोकसेवकाने अपिलाच्या काळात पदावर राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये के. सी. सरीन खटल्यात स्पष्ट केले आहे. मंत्र्यांसाठी त्याहून सैल माप का असावे, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

प्रतिसाद १

मंत्रिपदापुरता आपला मुद्दा मला मान्य आहे. पण त्यासाठी कायदा नको, कारण मंत्र्याला काढण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांकडे आजही आहे. तो का वापरला गेला नाही, याचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे.