आई-बाबांच्या घरी कॅमेरे आणि स्मार्ट उपकरणे बसवायची आहेत : सोय किती घ्यावी, खासगीपणा किती सोडावा?

प्रश्न : त्रिमूर्तीनगरचा, सध्या पुण्यात

माझे आई-बाबा नागपुरात त्रिमूर्तीनगरला आमच्या जुन्या एकमजली घरात दोघेच राहतात. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आईला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि आम्ही दोघेही भाऊ नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्यामुळे रात्री-अपरात्री काही झाले तर आम्हाला कळायला मार्ग नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर काही उपकरणे बसवून घ्यावीत, असा विचार आहे : फाटकावर एक आणि मुख्य दारावर एक असे दोन कॅमेरे, बैठकीत एक, आई-बाबांच्या खोलीत एक, दाराला बोटाच्या ठशावर उघडणारे कुलूप, कूलर आणि गिझरसाठी मोबाईलवरून चालणारे प्लग, आणि बाबांना बसल्या जागी फोन लावता यावा म्हणून आवाजावर चालणारा स्पीकर.

बर्डीवरच्या एका दुकानदाराने चार कॅमेऱ्यांचे पॅकेज सांगितले असून "मोबाईलवर सगळे चालू करून देतो, तुम्हाला काहीच करावे लागणार नाही" असे आश्वासन दिले आहे. बाबांची हरकत नाही. आईचा मात्र ठाम विरोध आहे. "मी घरात कशी बसते, कधी झोपते हे कुणी पाहावे असे मला वाटत नाही, मग तो माझा मुलगा का असेना," असे ती म्हणते. तिचे म्हणणे मला पटते, आणि काळजीही सुटत नाही. यांतल्या कोणत्या सोयीसाठी खासगीपणा थोडा सोडणे योग्य आहे आणि कोणत्या सोयीसाठी नाही, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

प्रतिसाद : मनीषनगर, नेटवर्कची कामे करणारा

दुकानदाराच्या ज्या वाक्याने तुम्हाला धीर वाटला, त्याच वाक्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या पाहण्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न तिथेच जन्माला येतात. "तुम्हाला काहीच करावे लागणार नाही" याचा व्यवहारातला अर्थ असा की, कॅमेरे बसवणारा मुलगा स्वतःच्या मोबाईलमधील ॲपवर, स्वतःच्या नंबरने खाते उघडतो, त्या खात्याला तुमचे कॅमेरे जोडतो आणि मग तुमच्या मोबाईलवर ते 'शेअर' करतो. तुम्हाला चित्र दिसते, तुम्ही समाधानी होता आणि तो निघून जातो. परंतु बहुतेक ॲपमध्ये ज्या खात्यावर कॅमेरा पहिल्यांदा नोंदवला गेला, तेच खाते मालकाचे मानले जाते; बाकीचे सगळे पाहुणे. पुढे त्या मुलाने नोकरी सोडली, मोबाईल विकला किंवा त्याच्या मनात काही आले, तरी तुमच्या बैठकीचे चित्र त्याच्या खात्यावर दिसतच राहते. म्हणून बसवणाऱ्याने तारा ओढाव्यात, कॅमेरे ठोकावेत, पण खाते उघडताना मोबाईल तुमच्या हातात असावा, मेल आणि नंबर तुमचा असावा, आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत मोबाईलवर आलेला कोडही मागणारी) त्याच वेळी सुरू करावी. जुने कॅमेरे आधीपासून असतील तर ते जुन्या खात्यातून काढून, फॅक्टरी रिसेट करून पुन्हा नोंदवावेत.

दुसरी गोष्ट पासवर्डची. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रे) आणि राऊटर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याने काही अवघड केले नव्हते. कारखान्यातून आलेली ठरावीक नावे आणि पासवर्ड तो एकामागून एक लावून पाहत असे. त्या उपकरणांकरवी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेक ठिकाणी काही तास बंद पडल्या. ते प्रकरण परदेशातले वाटत असेल तर जवळचे सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या महिलांचे कॅमेऱ्यातील चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघडकीस आले, आणि अटक झालेल्यांमध्ये आपल्या महाराष्ट्रातील तरुणही होते. त्या महिलांनी कॅमेरा बसवला नव्हता, पासवर्ड ठेवला नव्हता, आणि तरीही त्याची झळ त्यांनाच बसली. हे लक्षात घेतले की तुमच्या आईच्या म्हणण्याला भाबडेपणा म्हणता येत नाही.

घरच्या राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' (पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय) सुरू करून सर्व स्मार्ट उपकरणे त्यावर ठेवा आणि आई-बाबांचे मोबाईल, ज्यांवर बँकेचे ॲप असते, ते मुख्य नेटवर्कवर ठेवा. राऊटरच्या मागच्या चिकटपट्टीवर छापलेला पासवर्ड बदला. राऊटरमधील यूपीएनपी ही सुविधा बंद करा, कारण त्या सुविधेमुळे एखादे उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरच्या जगासाठी वाट उघडू शकते. कॅमेरा शक्यतो असा घ्या की चित्रण त्यातील मेमरी कार्डात किंवा घरातल्या रेकॉर्डरमध्ये राहील. घरात साठवलेले चित्रण पाहायला किमान घरात यावे लागते किंवा तुमचे खाते फोडावे लागते. कंपनीच्या सर्व्हरवर गेलेल्या चित्रणाचे रक्षण मात्र सर्वस्वी त्या कंपनीच्या शिस्तीवर अवलंबून असते. त्या शिस्तीचा भरवसा किती धरावा? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये घरगुती कॅमेरे विकणाऱ्या रिंग या कंपनीवर, कर्मचारी आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहता येत होते, असा आरोप ठेवला, आणि कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या दुसऱ्या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्याच कुणाच्या तरी कॅमेऱ्याची छोटी चित्रे आपल्या ॲपमध्ये दिसली. तिथे कुणी चोरी केली नव्हती. सेवा बंद पडून पुन्हा सुरू होताना गोंधळ झाला होता.

फाटकावरचा आणि दारावरचा कॅमेरा माझ्या मते जरूर बसवावा. आतले दोन बसवू नयेत. प्लगबद्दल फारशी चिंता करू नका. कूलर कधी सुरू होतो हे कुणाला कळले तरी त्याचा उपद्रव मर्यादित आहे, आणि दुपारी वीज जाऊन आल्यावर बाबांना उठावे न लागणे ही उन्हाळ्यात खरी सोय आहे. फक्त २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो, तेव्हा त्यासाठी १६ अँपिअरचाच प्लग घ्या. आणि बाहेरचा कॅमेरा पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात ठोकू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि त्या भिंतीवरचे तापमान त्याहून बरेच जास्त असते.

प्रतिसाद : धरमपेठ, निवृत्त शिक्षिका

मी तुमच्या आईच्या वयाची आहे आणि एकटी राहते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते.

माझ्या लेकीनेही असाच आग्रह धरला होता. मी तिला एवढेच विचारले की, तुला नेमके काय कळायला हवे आहे? मी सकाळी उठले की नाही, मी पडले तर कुणाला कळेल की नाही, आणि दारात कोण आले, या तीन गोष्टी तिला हव्या होत्या. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी चित्र लागतच नाही. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळीत हालचाल ओळखणारे एक छोटे उपकरण लावले आहे. सकाळी आठपर्यंत तिथून कुणी गेले नाही तर लेकीला सूचना जाते आणि ती फोन करते. मी कोणत्या गाऊनमध्ये होते, केस विंचरले होते की नाही, हे त्याला कळत नाही. न्हाणीघरात, जिथे पडण्याची भीती सर्वांत जास्त आणि जिथे कॅमेरा लावण्याचा विचारही करवत नाही, तिथे हात पोहोचेल अशा उंचीवर दाबायची बेल आहे. शेजारच्या वहिनींकडे किल्ली असते.

स्वतःच्या घरात कुणाच्याही नजरेखाली नसण्याची सवय आयुष्यभराची असते. ती गेली की माणूस घरातही पाहुण्यासारखा सावरून बसू लागतो. तुम्ही कधीच पाहणार नाही हे आईला माहीत असले तरी ती सावरूनच बसेल. तिचा होकार नसताना आत कॅमेरा लावू नका.

प्रतिसाद : सिव्हिल लाइन्स, वकील

कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. परंतु एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा अधिनियम लागू होत नाही. म्हणजे कॅमेऱ्याची कंपनी त्याच्या कक्षेत येते, पण घरात कॅमेरा लावणारा मुलगा येत नाही.

म्हणून त्याला सर्व मोकळे आहे, असे मात्र नव्हे. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये, सहनिवाशाच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असे म्हटले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कुणाच्या खासगी अंगाचे चित्र संमतीविना टिपणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ई खाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते.

घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या ताई येत असतील तर त्यांचाही विचार करा. त्यांची संमती कुणी विचारत नाही, आणि काम टिकवायचे असल्यामुळे त्याही बोलत नाहीत. दारावर कॅमेरा आहे, त्यात आवाज टिपला जातो की नाही, आणि चित्रण किती दिवस राहते, हे त्यांना सांगणे हे आपले काम आहे. फाटकावरचा कॅमेरा समोरच्यांच्या अंगणाकडे किंवा खिडकीकडे रोखलेला नसावा. बहुतेक ॲपमध्ये चित्राचा तेवढा भाग झाकून टाकण्याची सोय असते.

प्रतिसाद : बेसा

माझे मत थोडे वेगळे आहे. वरील सर्वांचा रोख आतल्या कॅमेऱ्याच्या विरोधात दिसतो, पण माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे आणि आमच्याकडे आतला कॅमेरा अपरिहार्य आहे. ते गॅस सुरू ठेवून विसरतात, मध्यरात्री दार उघडून बाहेर पडतात. अशा वेळी हालचाल ओळखणारे उपकरण पुरे पडत नाही, कारण हालचाल झाली एवढेच कळते, काय झाले ते कळत नाही. आम्ही वडिलांशी आजार बळावण्याआधीच बोललो होतो. कॅमेरा फक्त स्वयंपाकघरात आणि दारापाशी आहे, आणि आम्हा भावंडांपैकी कुणीतरी घरी पोहोचले की त्याचे झाकण बंद केले जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुलूपबंद घरे फोडली जातात, तेव्हाही आतल्या कॅमेऱ्याचा उपयोग असतो, आणि घरात कुणी नसताना त्याने कुणाचा खासगीपणाही जात नाही. तुमच्या घरची स्थिती आज तशी नाही, हे खरे आहे. पण उद्या तशी वेळ आली तर अपराधी वाटून घेऊ नका, एवढ्यासाठी लिहिले.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल आईशी फोनवर सविस्तर बोललो. आतले दोन्ही कॅमेरे रद्द केले आहेत. फाटक आणि दार येथे कॅमेरे, बोळीत हालचाल ओळखणारे उपकरण आणि न्हाणीघरात बेल, असे ठरले आहे. दारावरचे चित्र आधी आईच्या मोबाईलवर दिसेल आणि मला पाहायचे असेल तर ती मला जोडून देईल, अशी अट तिने घातली आहे, आणि मला ती योग्य वाटते. स्पीकर आणि कुलूप यांबद्दल अजून निश्चित होत नाही.

प्रतिसाद : मनीषनगर, नेटवर्कची कामे करणारा

स्पीकरचे माझे मत स्पष्ट आहे : झोपण्याच्या खोलीत नको. हाक मारण्याचा शब्द तो स्वतःपुरता ओळखतो, पण त्यानंतरचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि कधीकधी तसाच भासणारा दुसरा शब्द ऐकूनही तो जागा होतो. अमेरिकेतील ग्राहकांना मोजक्या उपकरणांवर आवाज बाहेर न पाठवण्याचा पर्याय मिळत होता, तोही असे स्पीकर विकणाऱ्या अमेझॉनने मार्च २०२५ मध्ये काढून घेतला. बाबांना फोन लावण्यापुरतीच गरज असेल तर मोठ्या बटणांचा, चार नंबर साठवलेला साधा फोन पलंगाशी ठेवा. स्पीकर घेतलाच तर बैठकीत ठेवा, रेकॉर्डिंग आपोआप पुसले जाण्याची सेटिंग लावा आणि माईक बंद करण्याचे बटण दोघांनाही दाखवून द्या.

कुलपाच्या बाबतीत आधी बाबांचा ठसा दुकानात लावून पाहा. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात, आणि आधारच्या यंत्रावर अंगठा न उमटण्याचा अनुभव अनेक ज्येष्ठांना आलेला आहे. ठसा कुलपातच साठवणारे, आकड्यांवरही उघडणारे, साधी किल्ली चालणारे आणि सेल संपल्यावर बाहेरून तात्पुरती वीज देता येईल असे कुलूप घ्या. ते वायफायला जोडण्याची गरज नाही. कामाच्या ताईंसाठी वेगळा आकडा ठेवला की तेवढ्याने भागते, आणि इंटरनेट गेले किंवा कंपनीने सेवा बंद केली तरी दार उघडते. अमेरिकेतील इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले, तेव्हा ॲपवर विसंबलेल्या लोकांची घरे अशीच अडली होती. दुकानदार कुलपासोबत वायफायचा गेटवे, म्हणजे कुलूप इंटरनेटला जोडणारे छोटे उपकरण, देऊ करेल. त्याची किंमत वेगळी करून मागा आणि तूर्त घेऊ नका. पुढे खरोखर गरज पडली तर तो नंतरही जोडता येतो.