टॉय स्टोरीचे सगळे भाग लेकीला एका दमात दाखवू की थांबवू?

रिमोट_कुठाय:
मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण घरात यावरून दोन दिवस वाद चाललाय म्हणून विचारतेय. लेक साडेपाच वर्षांची. रविवारी तिला टॉय स्टोरीचा, म्हणजे त्या जिवंत खेळण्यांच्या ॲनिमेशन सिनेमाचा, पहिला भाग दाखवला, ८१ मिनिटांचा तर आहे, संपल्या संपल्या "पुढचा लाव". दुसराही झाला. आता तिसऱ्यासाठी पाठ सोडत नाहीये आणि मी नेट गेलंय, टीव्ही तापलाय असल्या थापा मारतेय. नवरा म्हणतो अगं कार्टून आहे ते, लावून दे की.

पण मला ते तसं मिळालं नव्हतं ना. पहिला १९९५ चा, आमच्याकडे पोचला भाड्याच्या सीडीवर, मी आठ-नऊची असेन. दोन सीड्या होत्या, पहिली संपायची नेमकी वुडी आणि बझ ही दोन खेळणी, खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या सिडच्या तावडीत सापडल्यावर, मग दुसरी फ्रॉकला पुसून घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. १९९९ चा दुसराही तसाच पाहिला. मग वर्षानुवर्षं काही नाही, मी विसरूनही गेले. तिसरा आला २०१० ला, मी बारावी होऊन इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची वाट बघत घरी बसलेली, आणि तिकडे त्या खेळण्यांचा मालक अँडी सतरा वर्षांचा, कॉलेजला निघालेला. शेवटी तो बोनी नावाच्या छोट्या मुलीला खेळणी देऊन टाकताना एकेका खेळण्याची ओळख करून देतो, खोक्याच्या तळाशी वुडी निघतो, ती हात पुढे करते आणि अँडी पटकन वुडीला मागे ओढतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदाला मी थेटरात जी रडले, मैत्रिणी अजून चिडवतात.

आता लेकीने रविवारी अँडी लहान बघितला आणि बुधवारी तो घर सोडून चालला तर तिला काय कळणार? थांबवू का? आणि थांबवू तर किती?

डबा_ऐसपैस:
थांबवशील किती, शाळेत कोणीतरी शेवट सांगून मोकळं होईल. लाव बिनधास्त. पोरं आपल्यासाठी बघत नाहीत गं, त्यांचं वेगळंच चाललेलं असतं. माझा भाचा सहाचा असताना तिसरा बघून ढसाढसा रडला, मला वाटलं अँडीसाठी, तर म्हणे त्या लॉट्सोला ट्रकच्या पुढे जाळीला बांधलं, आता त्याच्या तोंडात माश्या जातील. एवढे सगळ्यांना छळणारं ते गुलाबी अस्वल, त्याची दया आली याला!
फक्त खेळणी कचऱ्याच्या भट्टीकडे सरकत जातात तो सीन येतो तेव्हा शेजारी बस. सगळी खेळणी एकमेकांचे हात धरून गप्प होतात ना, तिथे मोठ्यांची पण फाटते.
चौथा मात्र माझ्या मते नाही दाखवलास तरी चालेल. ऑस्कर मिळालं त्याला, मान्य, पण गोष्ट तिसऱ्यालाच संपली होती.

फ्रेमवाला:
ॲनिमेशनमध्येच पोट भरतो म्हणून जरा पिळतो. ते अकरा वर्षांचं अंतर कोणी मुद्दाम ठेवलं नव्हतं हो. हे सिनेमे बनवणाऱ्या पिक्सारचं आणि डिस्नेचं करारावरून वाजलं होतं, डिस्नेने तर पिक्सारला बाजूला ठेवून स्वतःच तिसरा करायला घेतला होता, बझ बिघडतो आणि त्याला तैवानला परत पाठवतात अशी काहीतरी गोष्ट. २००६ ला डिस्नेने पिक्सारच विकत घेतलं आणि ती स्क्रिप्ट बारगळली. मग पिक्सारवाल्यांनी नव्याने सुरुवात केली आणि तोवर इतकी वर्षं गेलीच आहेत तर अँडीलाही मोठा करू असं ठरलं. डायरेक्टर ली अंक्रिच, हा माणूस पहिल्या भागाचा एडिटर होता. आणि अँडीचा आवाज तिन्ही भागांत जॉन मॉरिसचाच, लहानपणी त्याने दिला आणि मोठा झाल्यावर त्यालाच परत बोलावलं. म्हणजे तुम्ही ऐकलात तो आवाज खरंच तुमच्यासोबत मोठा झालेला होता.

अजून एक, आमच्या धंद्यात नवीन पोरांना बॅकअप घ्या म्हणून सांगताना हमखास सांगतात तो किस्सा. १९९८ ला दुसऱ्या भागाचं काम चालू असताना कोणीतरी डिलीटची कमांड चुकीच्या जागी मारली आणि बघता बघता पात्रं, सीन सगळं गायब व्हायला लागलं. बॅकअप बघितला तर तोही नीट चालत नव्हता. टेक्निकल डायरेक्टर गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होती, तिच्या घरच्या मशीनवर कॉपी होती, ते मशीन ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून आणलं. गंमत म्हणजे पुढे तो सिनेमा आवडला नाही म्हणून बराचसा नव्यानेच केला, नऊएक महिन्यांत!

प्रश्नाचं उत्तर राहिलंच. दाखवा.

वरणफळं:
मी एकसष्ट वर्षांची आहे, मुलामुळे हे सिनेमे बघितले. तुम्ही सगळे अँडीबद्दल बोलताय, मला शेवटी त्याची आई दिसते. खोलीच्या दारात बोलत बोलत येते, आणि समोर रिकाम्या भिंती बघून तिचं वाक्य तिथेच तुटतं, हात छातीशी जातो. आणि वुडी ते खोक्यातून बघतो, मग खेळणी तिला मिळावीत म्हणून चिठ्ठीवर बोनीचा पत्ता लिहितो. म्हणजे खेळण्याला जे कळलं ते आईला बघून कळलं असं मला आपलं वाटतं.
आमचा मुलगा वुडीच्या बुटाच्या तळाला अँडीचं नाव असतं ते बघून प्रत्येक खेळण्याच्या तळाला नाव लिहायचा, आपण भांड्यांवर नाव घालतो तसं. त्याचं नाव समीर, आणि र कायम उलटा. तो शिकायला गेल्यावर आवराआवरीत मी एक पोतं भंगारवाल्याला दिलं, अँडीची आई काळी पिशवी कचऱ्यात ठेवते तसंच. सुट्टीत आल्यावर त्याने विचारलं, मी खोटं बोलले की माळ्यावर आहेत. एक तीनचाकी जीप तेवढी राहिलीये, चष्म्याच्या डबीशेजारी असते.
बाई, लेकीला दाखव. तू पण बघ परत, आता वेगळा दिसेल.

रिमोट_कुठाय:
काकू, तुमचं वाचून ऑफिसात डोळे पुसले, शेजारचा विचारत होता काय झालं.
काल लावला. भट्टीच्या वेळी माझ्या मांडीवर चढून बसली, श्वास धरून. शेवटी मी तयारीत होते, रुमाल वगैरे, अँडीने वुडीला मागे ओढलं आणि ही म्हणते "दे ना आता, ती किती वेळ हात धरून बसलीये." बास! मी मात्र आईच्या सीनलाच गेले, काकू म्हणाल्या तस्साच दिसला.
आज सकाळी उठून बघते तर मार्करने सगळ्याच्या तळाला नाव. बाहुली, कुकरची शिट्टी, बाबाच्या चपला, आणि रिमोटला सुद्धा. पाचव्याच्या टीझरमधला टॅबलेट बघून विचारतेय त्याच्या तळाला कोणाचं नाव असेल. चौथा अजून लावला नाहीये, नेट गेलंय असं सांगितलंय.