आजीच्या आठवणींतील युद्धकाळ : साले कशी जुळवावीत?

खाडीपलीकडची (प्रश्न)
माझी आजी आज 91 वर्षांची आहे. तिचे बालपण विजयदुर्गच्या खाडीकाठी गेले. वडील मुंबईत गिरणीत होते. गेले दोन महिने मी तिच्या आठवणी लिहून घेत आहे. दुसरे महायुद्ध तिला सन-सालांनी आठवत नाही. रिकामी झालेली कणगी, घासलेट मिळेनासे झाल्यावर उंडीच्या कडू तेलावर लावलेला आणि घरभर धूर करणारा दिवा, आणि मध्ये भोक असलेला पैसा, ही तिची युद्धाची ओळख. "तांदूळ खंय होतो? पेज ती नाचण्याची, नि पावसात आठळ्यो," असे ती सांगते. मुंबईत मोठा स्फोट झाला, त्यानंतर वडील अचानक बोटीने घरी आले, हेही तिला स्पष्ट आठवते. मात्र "रामदास बुडाली तेव्हा घासलेट नव्हता" (रामदास म्हणजे प्रवासी बोट) असे ती ठामपणे म्हणते आणि तेथे माझा हिशेब चुकतो. हे सारे कोणत्या क्रमाने लावावे?

नाणेवेडा
भोकाच्या पैशापासून सुरुवात करावी. युद्धामुळे धातूची टंचाई झाली, म्हणून हा पैसा 1943 साली निघाला आणि 1947 पर्यंत पाडला जात होता. नाण्यावर साल असते. घरातल्या जुन्या डब्यात किंवा देव्हाऱ्यात एखादा सापडला तर अवश्य पाहावे.

कुळागर
तांदळाचे कारण ब्रह्मदेशात आहे. कोकणात पिकणारा भात बहुतेक घरांना वर्षभर पुरत नसे आणि उरलेली गरज बाहेरून येणाऱ्या तांदळावर भागे, ज्यात रंगूनच्या तांदळाचा वाटा मोठा होता. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ती आवक थांबली. मुंबईत 1943 मध्ये रेशनिंग सुरू झाले. गावी मात्र मनिऑर्डर हाती पडली तरी त्या पैशांत घेण्यासारखे धान्य बाजारात नसे, आणि माझ्या आईच्या बोलण्यात उपाशी राहण्यापेक्षा या गोष्टीचाच राग अधिक असे. आमच्याकडे फणसाच्या आठळ्या लाल मातीत लोळवून, वाळवून कोनाड्यात ठेवत आणि ऐन आषाढात त्या भाजून किंवा उकडून खात. आपल्या आजींनाही हे विचारावे; आठळ्यांचा विषय निघाला की बायका भरभरून बोलतात, असा माझा अनुभव आहे. रामदासचा उल्लेख मात्र मी वगळला असता, कारण तो युद्धानंतरचा आहे.

बंदरावरचा
कुळागर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मुंबईच्या गोदीतील स्फोट 14 एप्रिल 1944 रोजी दुपारी झाला. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला होता. एप्रिलमध्ये समुद्र शांत असल्यामुळे दक्षिणेकडील बोटी चालू असत, तेव्हा वडील बोटीने आले हे अगदी जुळते. रामदास 17 जुलै 1947 रोजी, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. युद्ध संपून तेव्हा जवळजवळ दोन वर्षे झाली होती, हे खरे. पण युद्ध संपले म्हणून टंचाई संपली नव्हती. रेशनिंग आणि कंट्रोल पुढेही चालूच राहिले. त्यामुळे रामदासच्या पावसात घरात घासलेट नव्हते, असे आजी सांगत असतील, तर ते चूक म्हणता येत नाही. चूक असलीच तर ती आपली आहे, कारण आपण टंचाईला 1945 ची कुंपणे घालतो. त्या वेळी आजी किती मोठ्या होत्या, काय नेसत होत्या, एवढेच विचारून पाहावे.

खाडीपलीकडची
आपणा सर्वांचे आभार. काल विचारले. स्फोटाच्या वेळी ती परकर नेसत होती, रामदासच्या वेळी, तिच्या शब्दांत, "तेव्हा मी लुगडा नेसाक लागललंय." ते लुगडे कंट्रोलच्या दुकानातले होते आणि जाडेभरडे असल्यामुळे पावसात तीन दिवस वाळत नसे, हे तिने न विचारता सांगितले. भोकाचा पैसा सापडला नाही. तो तिने धाकट्या भावाच्या करगोट्यात बांधला होता, असे ती म्हणते.