धर्म्य युद्ध म्हणजे नेमकं कोणतं?

प्रश्न: आजीची दृष्टी अधू झाल्यापासून रोज रात्री मी तिला गीता वाचून दाखवते. काल दुसऱ्या अध्यायातल्या ३१व्या श्लोकापाशी अडले. क्षत्रियाला धर्म्य युद्धाहून श्रेयस्कर दुसरं काही नाही, असं कृष्ण सांगतो. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. त्याच्या हातून कुणी मेलं तर ते श्रेयस्कर कसं? मला खरंच कळत नाही.

उत्तर: ताई, 'धर्म्य' हाच शब्द धरून ठेवा. गीतेच्या आधी उद्योगपर्व येतं. तिथे कृष्ण स्वतः शिष्टाईला हस्तिनापुरी जातो. पांडव तर पाच गावांवर समाधान मानायला तयार होते. ते सगळं फिसकटल्यावर शस्त्र.

उत्तर: शस्त्रालाही मर्यादा होती. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही सैन्यं नियम ठरवतात: निःशस्त्रावर, पाठ फिरवलेल्यावर वार नाही. पुढे पांडवांनीही ते मोडले. द्रोण आणि कर्ण कसे पडले ते पाहा. महाभारत हे लपवत नाही, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

उत्तर: तिसऱ्या अध्यायाचा ३०वा श्लोकही वाचा. सगळी कर्मं मला अर्पण कर आणि 'विगतज्वर' होऊन लढ. मला तो ज्वर म्हणजे सूडाचा ताप वाटतो. तुमच्या भावाला तो नसावा, एवढीच प्रार्थना.

प्रश्नकर्ती: आजीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जिंकल्यावर धर्मराज किती रडला, तेही वाच." आज शांतिपर्व काढलंय.