मयताच्या घरचा इंग्रजी पिच्चर, मावळणीला दाखवू का नको?

सेलूचा_पोरगा
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे पण पूर्ण वाचा मग शिव्या घाला. मागच्या महिन्यात आमचे आबा गेले, ८७ वर्षांचे होते, भरल्या घरातून गेले. दहावा गंगाखेडला गोदावरीवर केला. पिंड ठेवला, सगळे मागं सरकून उभे राहिले आणि कावळा काही शिवेना. पाऊण तास झाला. थोरले काका हात जोडून म्हणाले वावराची काळजी करू नका, धाकटे म्हणाले बहिणीला दिवाळीला आणीत जाऊ, कुणीतरी म्हणलं म्हाताऱ्याचा जीव तंबाखूत अडकला असल, मग चुन्याच्या डबीसकट पुडी आणून ठेवली, तरी नाही. आणि मग कुठून तरी एक शेळी आली आणि कुणाला कळायच्या आत पिंडाला तोंड लावून मोकळी झाली. सगळे गप. तेवढ्यात मागून एक म्हातारं म्हणलं, "आबानं जल्मभर शेळ्याच राखल्या, चालतंय की." अन् मला हसू फुटलं. टॉवेल तोंडात कोंबला, खोकल्याचं नाटक केलं, पण मावळणीनं, म्हणजे आत्यानं, बघितलंच. "कामून हसायलास रे, बाप गेलाय माझा." तवापासून ती माझ्याशी बोलत नाही.

आता मुद्दा. परवा रूमवर एका मित्रानं डेथ ॲट अ फ्युनरल लावला, २००७ चा ब्रिटिश पिच्चर, अमेरिकनवाला नाही. एक घर, एक मयत, जमलेली भावकी आणि दीड तासात सगळ्यांचं वाटोळं. सुरुवातीलाच पेटी उघडून बघतात तर आत दुसऱ्याच माणसाचं प्रेत, अंत्यविधीवाल्यांनी भलतीच पेटी आणलेली! मी हसून हसून पडलो आणि मधेच आबांची आठवण येऊन रडलो पण, दोन्ही एकदमच. तर विचारायचं असं की हा पिच्चर मावळणीला दाखवला तर तिला माझं हसणं कळेल, का आणखीनच बिघडेल? ज्यांनी बघितलाय त्यांनी सांगा.

अंबाजोगाईकर
आबांना नमस्कार. शेळीचं वाचून मी ऑफिसात हसलो, तुझ्या पापात अर्धा वाटा माझा.

पिच्चर तीनदा बघितलाय. दिग्दर्शक फ्रँक ऑझ, म्हणजे स्टार वॉर्समधल्या योडाचा आवाज देणारा, बाहुल्या नाचवणारा मूळचा तो. आणि इथं पण बघ, तो माणसं बाहुल्यांसारखीच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकवतो, एक दार उघडलं की दुसरीकडं काहीतरी फुटणार हे ठरलेलं. पण खरी गंमत अशी की त्यातला एकही माणूस विनोद करत नाही. सगळ्यांना एवढंच पाहिजे की कार्यक्रम नीट पार पडावा, पाहुण्यात शोभा होऊ नये. आपल्याकडं तरी वेगळं काय असतं, माणूस गेल्याचं दुःख एकीकडं आणि जेवणाला बुंदी का जिलेबी, कुणाला कळवायचं राहिलं, कोण रुसून बसलं ही धावपळ एकीकडं.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट डॅनियलची. हा आईबापाजवळ राहिलेला मुलगा, अंत्यविधीचं सगळं यानंच केलेलं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याला विचारतो की भाषण रॉबर्टच करणार ना? रॉबर्ट म्हणजे न्यूयॉर्कला राहणारा भाऊ, नावाजलेला लेखक, विमानाच्या महागड्या वर्गातून आला पण खर्चाचा अर्धा वाटा मागितला तर पैसे नाहीत म्हणतो. आपल्याकडं हा रॉबर्ट पुण्याहून गाडी घेऊन येतो आणि मातीला सगळ्यात पुढं असतो. ज्यानं आजारपण काढलं, बेडपॅन धुतलं, तो मागं चहाचे कप उचलत असतो. मी उचललेत म्हणून सांगतो.

दाखवायचं म्हणशील तर अवघड आहे बाबा. संडासातला एक सीन आहे, एक होणारा जावई नागडा छपरावर चढतो आणि मेलेल्या बापाचं जे गुपित निघतं ते आपल्या म्हाताऱ्या माणसांसमोर कसं सांगणार?

बालाघाटचा_वाघ
भलत्या पेटीचं आईकून आमच्या चुलत्याची याद आली. आमचे दोन चुलते, पाठोपाठचे, तोंडावळा एकच, मिशा बी सारख्याच. धाकटा वारला. पोरांनी घाईघाईत मोबाईलवरून फोटो पाठवला अन् फ्लेक्सवाल्यानं रातोरात भावपूर्ण श्रद्धांजली छापून चौकात टांगला, सकाळी बघतो तर फोटो थोरल्याचा! थोरला सकाळी दूध घालायला चौकात आला, वर बघितलं, काहीच बोलला नाही, तिथंच खाली बसून चहा पिला आणि घरी येऊन म्हणला, "फोटो बरा आलाय, ठिवा पुढच्या टायमाला." लई हसलेत लोकं, अन् सगळ्यात जास्त हसलेली चुलती, जिचा नवरा गेला ती. आठ दिसानं हसली ती. त्या दिवशी घरात कडू घास सोडून पहिल्यांदा चूल पेटल्यासारखं वाटलं बघ. दाखव म्हणतो मी, काय व्हायचंय ते होईल.

रेणुका_लातूर
थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. पिच्चर मलाही आवडला, पण पीटरचं जे केलंय ते मला आता टोचतं. ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढचं वाचू नका. पीटर डिंकलेजनं केलेला हा बुटका माणूस येतो आणि सांगतो की मेलेला बाप माझा प्रियकर होता, फोटो आहेत, १५ हजार पौंड द्या. मग त्याला बांधून ठेवतात, झोपेच्या गोळ्या म्हणून भलत्याच नशेच्या गोळ्या देतात, तो आपटतो, मेला समजून बापाच्याच पेटीत कोंबतात. म्हणजे हसायचं कशावर, त्याच्या उंचीवर? बापाला पुरुष आवडायचा ह्यावर? बहुतेक प्रेक्षक तिथंच हसतो आणि लेखकालाही ते माहीत असणार.

एक मात्र कबूल करते. डिंकलेज स्वतः एका क्षणालाही विदूषकी करत नाही. तो शांत, नीटनेटका, जरा दुखावलेला माणूस उभा करतो. मला तर वाटतं त्या घरात त्या दिवशी म्हाताऱ्यासाठी खरंखुरं वाईट वाटणारा तोच एक असावा, आणि त्यालाच बसायला जागा नाही. आपल्या गावात पण तेराव्याला लांब झाडाखाली बसलेली एखादी बाई असते ना, जिचं नाव कुणी घेत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं.

सेलूचा_पोरगा
@रेणुका ताई तुम्ही झाडाखालची बाई म्हणलात आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडं पण एक आलेली. जाऊ द्या.

अंबाजोगाईकर
रेणुकाताईंचं पटतंय. २०१० ला अमेरिकेत क्रिस रॉकला घेऊन परत केला तेव्हा पण तो रोल डिंकलेजनंच केला, दोन्हीकडं तोच एक नट. आणि आपल्या हिंदीवाल्यांनी त्याच्या आधीच, २००९ ला, सुनील शेट्टीला घेऊन डॅडी कूल काढला. तो बघू नको. त्यात सगळे विनोद करतात.

जुना_प्रोजेक्टर
भावकीवर ब्रिटिश काळा विनोद पाहिजे असेल तर मागं जा, १९४९. काईंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स, ईलिंग स्टुडिओचा, रॉबर्ट हेमरचा. एका सरदार घराण्यातल्या पोरीनं इटालियन गाणाऱ्याशी लग्न केलं म्हणून तिला वारशातून काढलं, मेल्यावर खानदानी थडग्यात जागापण दिली नाही. मग तिचा पोरगा वंशावळ काढून बसतो आणि गादी आणि आपल्यात जेवढे वारस उभे आहेत ते एकेक करून उडवत जातो, वर नाव खोडून टाकतो. म्हणजे वारसाचा फेरफार तलाठ्याशिवाय! त्यातले आठ नातेवाईक एकट्या ॲलेक गिनेसनं केलेत, बाईसुद्धा. नागडं-उघडं काही नाही, शिवी नाही, खून पण इतक्या अदबीनं की चहा विचारल्यासारखा. शेवट सांगत नाही, पण अमेरिकेत सेन्सॉरच्या भीतीनं शेवटाला एक तुकडा जोडावा लागला होता, गुन्हेगार सुटला की काय असं वाटू नये म्हणून. मावळणीला हा चालेल. बांधावरून भांडण झालेल्या कुठल्याही घरात चालेल.

सेलूचा_पोरगा
अपडेट. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी मनाचंच केलं. काल मावळण आमच्याकडं मुक्कामाला होती, लाईट गेलेली, मोबाईलवर तोच लावला आणि शेजारी बसून मराठीत सांगत गेलो. संडासाचा सीन पळवला. पीटरचं सांगताना म्हणलं हा म्हाताऱ्याचा जवळचा मित्र असतो. ती म्हणली, "मित्र का? बरं." आणि माझ्याकडं अशी बघितली की मी स्क्रीनकडं बघायला लागलो.

हसली फक्त एकदाच. पेटीवर नाही, छपरावर नाही. चौथ्यांदा की पाचव्यांदा कुणीतरी डॅनियलला विचारलं ना, भाषण रॉबर्ट करणार का, तिथं. पदर तोंडाला लावून हसली, मग डोळे पुसले. आबांची चार वर्षं हिनं काढलीत माहेरी राहून, आणि दहाव्याला सगळे काकालाच भेटत होते.

संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग अंथरूण घालता घालता म्हणली, "ती शेळी कुणाची होती रे?"