मदत हवी आहे : बारा फुटी सपाट बुडाची होडी, पाणी गुडघाभर, मोटार कोणती बसवू? (नागपूर)

दुर्बिणवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरची काही पक्षीवेडी माणसं हिवाळ्यात उमरेडच्या बाजूच्या एका पाटबंधारे तलावावर पाणपक्षी मोजतो. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव पसरलं की रविवारी ड्रोन उडायला लागतात, मग मोजायला उरतात फक्त वारकरी (ते काळे, कुठेही दिसणारे पाणपक्षी).

काठावरून दुर्बीण लावली की पट्टकादंब, चक्रवाक नीट दिसतात, कारण ते मोठे आणि उघड्यावर बसणारे. अडचण तलवार बदक, थापट्या, चक्रांग यांची. ही मंडळी बेशरमच्या झुडपांमागे, उथळ गाळावर चरत असतात आणि काठावरून अर्धीही दिसत नाहीत. इतके दिवस ढिवर दादांच्या डोंग्यात बसून जायचो, पण सकाळी त्यांची जाळी ओढायची वेळ आणि आमची मोजणीची वेळ एकच. म्हणून स्वतःची होडी बांधायला घेतली आहे.

आराखडा अमेरिकेतला आहे. तिकडे बदकांची शिकार करणारे दलदलीत जी सपाट बुडाची 'जॉन बोट' वापरतात, ती मरीन प्लायमध्ये. लांबी १२ फूट, बुडाशी आणि मागच्या फळ्याशी (यापुढे ट्रान्सम म्हणतो) रुंदी साडेतीन फूट, ट्रान्समची उंची १४ इंच. होडीचं वजन साधारण ७० किलो होईल असा अंदाज आहे. त्यात तिघे जण, मोटार आणि सामान धरून एकूण ३२० किलो.

आता प्रश्न. मूळ आराखड्यात छोटं आऊटबोर्ड (ट्रान्समवर बाहेरून अडकवायचं पेट्रोल इंजिन) दाखवलंय. पण आमच्याकडे मधल्या भागात पाच-सहा फूट पाणी, आणि बदकं असतात तिथे फूट-सव्वा फूट. खाली गाळ, वर जलपर्णी, मध्ये शेवाळाच्या लडी. रब्बीला पाणी सोडलं की फेब्रुवारीत आणखी उतरतं. अशा ठिकाणी आऊटबोर्ड चालेल का? चालत असेल तर किती एचपी आणि कुठला शाफ्ट (म्हणजे दांडा किती लांब)? नागपुरात यातलं जाणकार कुणी भेटेना. इतवारीत विचारलं तर दुकानदाराने पाण्याचा पंप दाखवला.

खाडीवरचा

मूळचा मालवणचा, सध्या नोकरीमुळे तुमच्या उन्हात.

एचपीचा विचार नंतर करा, आधी टेप घ्या. आऊटबोर्डचा शॉर्ट शाफ्ट म्हणजे १५ इंच, लाँग म्हणजे २०. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून बुडापर्यंत सरळ खाली मोजायचं. तुमचे १४ इंच आहेत, म्हणजे शॉर्टच. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, तिला आम्ही कॅव्हिटेशन प्लेट म्हणतो. ती बुडाच्या पातळीला किंवा इंचभर खाली हवी. वर गेली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं बोंबलतं आणि होडी जागच्या जागी.

तुमच्या हिशोबात ती इंचभर खाली येते, म्हणजे चोख. पण त्या पट्टीच्या खाली पंखा आणि त्याच्याखालचा पंख धरून आणखी आठ-दहा इंच असतात. होडी स्वतः चार इंच बुडणार. बेरीज करा, १३ ते १५ इंच झाले. फूटभर पाण्यात तुम्ही पंख्याने नांगरणी करणार.

छोट्या इंजिनांना उथळ पाण्यासाठी किंचित वर उचलून अडकवायची खाच असते, तीन-चार इंच वाचतात, पण तेव्हा अगदी सावकाश चालवायचं. खरी भीती गाळाची. पाण्याने थंड होणारं इंजिन खालून पाणी ओढतं. शेवाळाने तोंड बुजलं की मागची पाण्याची धार बंद पडते आणि आतला रबरी इंपेलर (पाणी ओढणारी चक्री) पाण्याशिवाय पाहता पाहता जळतो. धारेवरून नजर काढायची नाही.

इंजिनात जीव

मग लाँग-टेल लावा ना. थायलंडमध्ये कालव्यांत तेच असतं. शेतीच्या पंपाचं ५-६ एचपीचं हवेने थंड होणारं इंजिन, त्याला लांब दांडा, टोकाला पंखा. पाणी ओढायची भानगड नाही, इंपेलर नाही. उथळ आलं की दांडा उचलायचा, पंखा पृष्ठभागालगतच फिरतो. अमेरिकेतले बदक-शिकारीही गाळात 'मड मोटर' म्हणून हाच प्रकार वापरतात. इंजिन कुठल्याही कृषी दुकानात मिळेल, दुरुस्ती गावातला मेकॅनिक करेल.

उंटावरून

थांबा, थांबा. शिकाऱ्यांची होडी, बदकं, पहाटेची वेळ... धागा वाचून आधी धडकीच भरली. शिकारीचा बेत नाही ना?

दुर्बिणवाला

हा हा, नाही हो. होडी शिकाऱ्यांची, हातात वही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला परवान्यावर काही शिकार चालायची, १९९१ च्या दुरुस्तीने तेही दार बंद झालं. आता बदकावर बंदूक रोखणं हा सरळ गुन्हा आहे. तिकडच्या शिकाऱ्याला आणि इकडच्या मोजणाऱ्याला पाहिजे असतं एकच, की उथळ पाण्यात आवाज न करता जवळ जाता यावं. म्हणून आराखडा त्यांचा घेतला.

@इंजिनात जीव, लाँग-टेलचा विचार केला होता. पण तो आवाज! पंपाचं इंजिन सुरू झालं की तलावाच्या दुसऱ्या टोकाचे पट्टकादंबही उठतील. मोजणार काय मग?

डोंगेवाला भाऊ

भौ, मी भंडाऱ्याकडचा, आमची सोसायटी मामा (माजी मालगुजारी) तलावावर मासे धरते. तुमाले एक सांगतो, मोटर कोणतीबी आणा, पण तलावात कोणाचं काय हाये ते आधी पाहा. सकाळी जाळे टाकलेले असतात. पंख्यात जाळं गुंतलं तं जाळ्याचाबी सत्यानाश आन मोटरचाबी. शिंगाड्याच्या वेलात तं जायचंच नाही, थ्या कोणाच्या तरी पोटाचा सवाल असते. पाटबंधाऱ्याच्या तलावात जुन्या झाडांचे खुंट बुडलेले राह्यतात, वरून दिसत नाहीत. खुंटाले पंखा लागला की पिन तुटते. चार पिना जास्तीच्या ठेवजो खिशात.

आन बांबू काहून विसरून राहिले राजेहो? आमी डोंगा बल्लीनं ढकलतो, त्याले ना पेट्रोल लागत ना आवाज होत. मोटर मधल्या पाण्यापुरती ठेवा, बदकाजवळ बल्लीनंच जा. गाळ मऊ असन तं बल्लीच्या टोकाले आडवी फळी ठोका, रुतत नाही.

खाडीवरचा

भाऊ लाख बोलले. आणि ती पिन मुद्दामच मऊ धातूची असते, गिअर वाचावा म्हणून. तिच्या जागी खिळा घालू नका, लोक घालतात.

ओहमचा नियम

दुर्बिणवाला, तुमची गरज वाचून मला वाटतं तुम्ही चुकीच्या दुकानात उभे आहात. तुम्हाला बॅटरीवरची ट्रोलिंग मोटार हवी आहे. हिशोब मांडतो.

आधी होडी किती बुडेल ते. सपाट बुडाच्या होडीत हे सोपं असतं. पुढचा भाग वर उचललेला, म्हणून पाण्यावर टेकणारी लांबी दहा फूट धरा. दहा गुणिले साडेतीन म्हणजे साधारण सव्वातीन चौरस मीटर. एक सेंटिमीटर बुडायला ३२ किलो लागतात. तुमचे ३२० किलो म्हणजे १० सेंटिमीटर, चार इंच. वजन समान पसरलं तरच हं. मोटार, बॅटरी आणि चालवणारा तिघेही मागे असतील तर मागचं टोक सहज आणखी दोन इंच खाली जाईल, आणि पंखा तिथेच आहे. बॅटरी पुढे ठेवा, वायर मागे आणा.

आता जोर. या मोटारी एचपीत नाही, पाउंड थ्रस्टमध्ये मोजतात. साधा नियम असा की दर ४५ किलोला दोन पाउंड. तुम्हाला कमीत कमी १५ निघतात. दुपारी वारा उलटला तर परत यायला हवं, म्हणून ४० ते ५५ घ्या. १२ व्होल्टवर ५५ च्या आसपासच मिळतं. पूर्ण वेगात ती जवळपास ५० अँपिअर खाते, अर्ध्या वेगात त्याच्या बरंच खाली. शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणजे १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेवर पूर्ण वेगाचा जेमतेम एक तास. सावकाश गेलात तर सकाळ निघते. गाडीची बॅटरी चालणार नाही, ती क्षणभराच्या झटक्यासाठी असते. नागपुरात ई-रिक्षाच्या बॅटऱ्या गल्लोगल्ली मिळतात, त्यातली एक घ्या, पण २५-३० किलो उचलायची तयारी ठेवा. लिथियम फॉस्फेट परवडत असेल तर निम्म्याहून कमी वजन आणि जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते.

खोली: या मोटारीचा दांडा ब्रॅकेटमध्ये वरखाली सरकतो, स्क्रू सैल करून हवा तितका वर घ्या. फूटभर पाण्यात पंखा जेमतेम बुडेल, पण चालेल. दोन पात्यांचा, शेवाळ न गुंडाळणारा पंखा मागून घ्या. पाणी ओढायचं नसल्याने इंपेलरचं रडगाणं नाही. वायर १६ चौरस मिमीची आणि बॅटरीच्या तोंडाशी ६० अँपिअरचा फ्यूज, हे दोन्ही नक्की. फ्यूज नसलेली होडी मी बघितली आहे, धूर आला तेव्हा सगळे पाण्याच्या मधोमध होते.

आऊटबोर्डच घ्यायचं ठरलं तर मोठं नको. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं गणित लांबी आणि ट्रान्समच्या रुंदीच्या गुणाकारावर चालतं. तुमचा गुणाकार ४२, त्याला साडेसात एचपीची मर्यादा, आणि सपाट बुडाच्या होडीला एक पायरी खाली, म्हणजे ५. तुमच्या कामाला दोन-अडीच पुष्कळ झालं. होंडाचं सव्वादोन एचपीच्या आसपासचं एक हवेने थंड होणारं येतं, १४ किलोच्या आत. गाळात ते बरं, आवाज मात्र आहेच.

दुर्बिणवाला

ठरलं तर मग. मधल्या पाण्यात बॅटरीची मोटार, शेवटचे दीडेकशे मीटर बल्ली. पक्षी माना वर करायला लागले की तिथेच थांबायचं, असं आमचं आपसात ठरलेलं आहेच.

आता एकच अडतंय. ट्रान्सम एका १२ मिमी प्लायचा काढलाय. त्यावर मोटारीचा शिकंजा धरेल? की सागाची फळी लावू?

खाडीवरचा

१२ मिमी चिरडेल. १८ मिमीच्या दोन प्लाय इपॉक्सीने एकावर एक चिकटवा, दीड इंच जाडी होते. प्लायवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघून घ्या. कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. ट्रान्समपासून बुडाच्या लांब पट्ट्यांपर्यंत दोन्ही बाजूंना त्रिकोणी गुडघे द्या, नाहीतर मोटारीचा जोर फक्त सांध्यावर येतो. शिकंज्याच्या खाली आतून-बाहेरून पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा लावा. आणि मोटारीला साखळी! शिकंजा ढिला होतोच, साखळी नसेल तर मोटार तळाशी.

उंटावरून

कागदपत्रांचंही बघा. होडीला मोटार बसली की ती यांत्रिक जलयान ठरते, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी आणि तपासणी आहे. शिवाय तलाव जलसंपदाचा, मासेमारीचा हक्क संस्थेचा. शाखा अभियंत्याकडे लेखी अर्ज आणि संस्थेच्या अध्यक्षांशी चहा, दोन्ही होडी पाण्यात घालायच्या आधी. तिघांना तीन लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी.

दुर्बिणवाला

अर्ज सोमवारी देतो. जॅकेट आहेत. ई-रिक्षाची चांगली बॅटरी नागपुरात कुठल्या भागात पाहावी, आणि १६ चौरस मिमीची लवचीक तांब्याची वायर सुटी मिळते का, एवढं कुणी सांगा.

इंजिनात जीव

वायर वेल्डिंगची घ्या. लवचीक असते आणि मीटरवर सुटी मिळते. बॅटरीसाठी दुकानापेक्षा आधी ई-रिक्षावाल्यांनाच गाठा, कोणती लवकर बसते ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.