सिकलसेलची भित्तिचित्रे : पेशीला चेहरा द्यावा का?

प्रश्न : धानकाठी
नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत मी चित्रकला शिकवतो. १९ जून या जागतिक सिकलसेल दिनासाठी भोजनगृहाच्या लांब भिंतीवर व्यंगचित्रमालिका रंगवण्याचे ठरले आहे. कच्च्या आराखड्यात निरोगी तांबड्या पेशी गोल व हसऱ्या आहेत आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात होणाऱ्या विळ्याच्या आकाराच्या पेशींना मी दात व मिशा देऊन खलनायक केले आहे. मुलांना ते फार आवडले. मात्र हा आजार असलेली आमची एक विद्यार्थिनी ते पाहून काही न बोलता निघून गेली, आणि तेव्हापासून माझा हात थांबला आहे. गंमत राखूनही कोणाला न दुखवता हे कसे साधावे?

उत्तर : लालकार्ड
सर, मी स्वतः सिकलसेलचा रुग्ण आहे. ते दात असलेले खलनायक त्या मुलीच्याच रक्तात आहेत, त्यामुळे शेजारी जेवणारा मुलगा भिंतीवरून बोट थेट तिच्याकडे वळवणार, हे तिला तत्क्षणी कळले असावे. या आजारात हाडे आतून पिळवटून निघतात आणि माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. मला शाळेत ‘कामचुकार’ हेच नाव पडले होते. तेव्हा कवायतीच्या तासाला सावलीत बसलेल्या मुलावर ओरडणारे गुरुजी काढा आणि हसू त्यांच्यावर येऊ द्या. पहाटेची गार पाण्याची आंघोळही अवश्य काढा, कारण थंडीने आणि पाणी कमी प्यायल्याने दुखणे उसळते.

उत्तर : रेघोटी
सिकल म्हणजे विळा, आणि धान कापणाऱ्या घरातल्या मुलाला विळा समजावून सांगावा लागत नाही. अरुंद तोंडाच्या मडक्यातून बोरे ओतली तर ती घरंगळत बाहेर येतात, विळे ओतले तर एकमेकांत अडकून तोंडाशीच तुंबतात. बारीक रक्तवाहिनीत नेमके हेच घडते, आणि त्यासाठी ना चेहरा लागतो ना मिशी. शि. द. फडणीस यांची शब्दविरहित हास्यचित्रे एकदा समोर ठेवून पाहा. ज्या मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया आहे, त्यांच्यासाठी मजकूर जितका कमी तितके बरे.

उत्तर : दवाखान्याबाहेर
वैद्यक म्हणून एका नेहमीच्या चित्राविषयी सावध करतो. आई-वडील दोघेही वाहक (म्हणजे स्वतः आजारी नसलेले, पण आजाराचा एक जनुक बाळगणारे) असले की चार मुले ओळीने उभी करून त्यांतले एक आजारी दाखवण्याची प्रथा आहे. ते पाहून ‘आमचे एक झाले, आता पुढची तिन्ही सुखरूप’ असे सांगणारी जोडपी मला भेटली आहेत. वास्तविक प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता नव्याने २५ टक्के असते. त्यापेक्षा दोघांच्या मुठीत एक लाल (आजाराचा जनुक) व एक पांढरा (निरोगी जनुक) असे दोन-दोन मणी दाखवा, प्रत्येकाने न बघता एकेक पुढे करावा, आणि पुढच्या चौकटीत ते मणी मुठीत परत गेलेले असावेत. दोन्ही लाल आले तरच आजार होतो. एकच लाल आला तर ते मूल वाहक असते, रुग्ण नव्हे. हा फरक लग्न जुळवताना फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून या चित्राला भिंतीवर ऐसपैस जागा द्यावी.

धानकाठी
सर्वांचे आभार. दात आणि मिशा पुसल्या आहेत, मडके जमले आहे, मण्यांच्या चौकटी अजून नीट बसत नाहीत. गुरुजींचे चित्र मी त्या विद्यार्थिनीला आधी दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि त्यांना माझ्यासारखा चष्मा काढायला सांगितला.